वंडर वुमनची महागडी १/६ आकृती: ढालीआड दबून बसता येतं का तिला?

धनुकली

वंडर वुमनची १/६ मापाची, म्हणजे खऱ्या अंगाच्या एक षष्ठांश, हलत्या सांध्यांची संग्रहाची आकृती नुकतीच घरी आली. २०१७ च्या चित्रपटातली, नायिका गॅल गॅडोटचा चेहरा, रीतसर परवान्याची, उंची साधारण २९ सेंमी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला जे म्हणायचंय ते एका कंपनीपुरतं नाही, या मापातल्या बहुतेक स्त्री-पात्रांबद्दल आहे.

आधी चेहरा. हातात घेऊन उजेडात धरला की थांबायला होतं. डोळ्याचा पांढरा भाग पांढराफटक नाही, किंचित करडा आहे आणि नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी झाक आहे. खालच्या पापणीच्या कडेवर चकाकीची केसाएवढी रेघ ओढली आहे, त्यामुळे डोळा ओला वाटतो. ओठांवर उभ्या बारीक रेषा आहेत. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे आणि तेवढ्यानेच ती आत्ता काहीतरी बोलेल असं वाटतं. कपाळावरचा मुकुट वेगळा काढता येतो. ढालीवर तलवारीचे ओरखडे रंगवलेत, तेही एका दिशेने नाहीत, खऱ्या वापरात पडावेत तसे आडवेतिडवे. इथवर पैकीच्या पैकी गुण.

आता तक्रार. या चित्रपटातला नो मॅन्स लँडचा, म्हणजे दोन सैन्यांमधल्या ओसाड पट्ट्यातला प्रसंग आठवा. पहिलं महायुद्ध, बेल्जियमचा खंदक, पलीकडून मशीनगनचा मारा. डायना, म्हणजे वंडर वुमन, शिडी चढून वर येते, मनगटपट्ट्यांवर गोळ्या झेलते आणि मग ढाल पुढे धरून, गुडघे मोडून तिच्याआड दबून सगळा मारा अंगावर घेते. माझ्या लेखी वंडर वुमन म्हणजे तो क्षण. मला शेल्फवर तोच हवा होता.

तो होत नाही. छातीपासून कमरेपर्यंतचं चिलखत एकसंध मऊ प्लास्टिकचं आहे, ते पोटात वाकत नाही. घागऱ्याच्या पट्ट्या मांडी उचलली की फळीसारख्या उभ्या राहतात. बूट घोट्यात जेमतेम हलतात, त्यात उंच टाचा, त्यामुळे वजन मागे जातं. पाठीवरचे केस घट्ट ओतलेले आहेत, म्हणून मान वर करून ढालीवरून बघता येत नाही. मग उरतं काय? सरळ उभं राहणं, एक हात कमरेवर, एक तलवारीवर. त्याच मापातले माझ्याकडचे पुरुष सुपरहिरो मात्र उकिडवे बसतात, उडी मारतात, भिंतीला चिकटतात.

प्रश्न असा: स्त्री-सुपरहिरोची आकृती तुम्ही कशावर जोखता? चेहऱ्यावर, की ती लढू शकते का यावर? मी दुसऱ्या बाजूची आहे आणि ठामपणे आहे.

अर्धाकप

वाचनखूण साठवली. फोटो कुठायत?

विसूभाऊ

धनुकलीताई, परीक्षण उत्तम, निष्कर्षाशी असहमत. या किमतीची वस्तू खेळायची नसते. काचेच्या कपाटात उभी करायची आणि वर्षानुवर्षं बघायची. जे लोक या मापाचं गोळा करतात त्यांतले बहुतेक जण एकदा पोझ देतात आणि कपाट लावून टाकतात. अशा वेळी चेहरा नव्वद टक्के आणि बाकी सगळं दहा टक्के. चेहरा चुकला तर गुडघा कितीही वाकला तरी काय उपयोग?

तिरकमठा

विसूभाऊ, एकदाच पोझ देतात हे खरं, पण कुठली द्यायची हे तरी मालकाने ठरवावं की नाही?

दुसरं, चेहरा आणि हालचाल यात एकच निवडायची वेळ येतेच का? मी जपानी सहा इंची आकृत्यांचे फोटो काढतो. वंडर वुमन त्या मापातही मिळते, जवळपास १६ सेंमी, किंमत या मोठ्या आकृतीच्या कितीतरी खाली. ती ढालीआड व्यवस्थित दबून बसते. घागऱ्याच्या पट्ट्या सुट्या कापलेल्या, मऊ. कमरेला आणि छातीखाली वेगळा सांधा. म्हणजे तंत्र आहे. मोठ्या मापात ते वापरायचं नाही असं कुणीतरी ठरवलेलं आहे.

धनुकली

फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून टाकते, ट्यूबलाइटखाली चेहरा हिरवा येतोय.

विसूभाऊ, चेहरा नव्वद टक्के असेल तर नुसता अर्धपुतळाच घ्यावा की. सांध्यांची आकृती घ्यायची कशाला?

सोनचाफा

मी शिवणकाम करते, आकृत्या माझ्या मुलाच्या. पण हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

त्याच्याकडे हीच बाई आहे. मी चिलखत निरखून पाहिलं. हे शिवलेलं नाहीच, साच्यात ओतलेलं आहे. ब्लाउज शिवताना आम्ही टक्स कशासाठी घालतो? कापड सपाट असतं, अंग सपाट नसतं आणि अंग हलतं. जिथे वाकायचं तिथे सैल, जिथे धरायचं तिथे घट्ट. ओतलेल्या वस्तूत सैल जागाच नाही. कमरेच्या घडीशी आडवा छेद दिला असता आणि वरून सोनेरी पट्ट्याने झाकला असता तर ती पुढे वाकली असती. पट्टा तिथे आहेच, मूळ पोशाखातच आहे! आयती जागा सोडली.

कापडाचंही सांगते. एवढ्या लहान मापात खरं कापड खऱ्यासारखं पडत नाही. कापडाची जाडी तीच राहते, वजन मात्र पुरत नाही, म्हणून झगा फुगल्यासारखा दिसतो. मुलाकडच्या दुसऱ्या एका आकृतीच्या झग्याच्या काठात बारीक तार घातली आहे, ती वाकवली की झोळ बसतो. तार नसेल तर काठाच्या शिवणीत आतून ओवता येते. गंजणार नाही अशी घ्या, तांब्याची चालते.

मधुघट

सोनचाफाताई, दंडवत! एवढी वर्षं या आकृत्यांची परीक्षणं वाचतोय, चिलखताबद्दल असं कुणी सांगितलं नव्हतं.

पेणकर

डोळ्यांबद्दल लिहिलंय म्हणून थोडं.

आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी हे वेगळं काम असतं. बाकी रंग दहा जण देतील, आखणी एक-दोघंच करतात. मूर्ती जिथे बसणार तिथून बघणाऱ्याची नजर कुठे असेल त्याचा अंदाज घेऊन बुबुळं लावायची. जरा वर गेली तर मूर्ती शून्यात बघते, जरा खाली आली तर झोपाळू दिसते. हात थरथरून चालत नाही आणि मन तर मुळीच नाही.

या आकृत्यांचे डोळे भिंगाखाली पाहिले तर तेच कसब दिसतं, फक्त जागा तांदळाच्या दाण्याएवढी. मुखवटा लावून फवारणी, मग हाताने सुधारणा, शेवटी डोळ्यावर चकचकीत वार्निश. ओठांना अर्धचकाकी, कातडीला अजिबात चमक नाही. तीन वेगवेगळ्या चकाक्या एका चेहऱ्यावर, म्हणून तो जिवंत वाटतो. स्वस्तातल्या लहान आकृत्यांवर चेहरा यंत्राने छापतात, भिंगातून ठिपके दिसतात.

त्यामुळे विसूभाऊंचं म्हणणं मला पटतं. चेहरा रंगवणाऱ्याने जीव ओतला असेल तर त्याला नव्वद टक्के द्यायला माझी हरकत नाही. पण धनुकलीताईंच्या आकृतीची मान वर होत नसेल तर त्या डोळ्यांची नजर जिथे पाहिजे तिथे जाणारच नाही. म्हणजे मान अडवणाऱ्या केसांनी रंगवणाऱ्याचीही मेहनत वाया घालवली.

विसूभाऊ

पेणकर, हा मुद्दा बिनतोड आहे. नजरेचा विचार मी केला नव्हता.

न्यूजर्सीकर

थोडं मागे जाऊ. १/६ हे माप आलं कुठून? बार्बी १९५९ ची, साडेअकरा इंची. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो काढला, बारा इंची सैनिक, एकवीस हलणारे भाग अशी त्याची जाहिरात होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून मुलग्यांच्या आकृतीची विक्री हालचालीवर आणि मुलींच्या बाहुलीची कपड्यांवर. १९६७ मध्ये हॅस्ब्रोने त्याच मापात एक परिचारिका काढली. ती खपली नाही. मुलगे बाहुली म्हणून घेईनात आणि मुली सैन्याच्या खेळण्यांच्या फळीकडे फिरकेनात. आज तीच संग्राहकांमध्ये अतिशय दुर्मीळ आणि महाग आहे.

वंडर वुमन कॉमिक्समध्ये १९४१ ची. पण तिच्या आकृत्या मोठ्या प्रमाणावर आल्या १९७० च्या दशकात, मेगो कंपनीने काढल्या. लिंडा कार्टरच्या टीव्ही मालिकेवरून बारा इंची काढली तीसुद्धा मेगोचीच आणि तिचं स्वरूप सरळसरळ फॅशनच्या बाहुलीचं होतं, केस विंचरायचे, कपडे बदलायचे. धनुकलीच्या आकृतीत जी अडचण आहे तिची मुळं तिथे आहेत असं मला वाटतं. स्त्री-आकृती आजही बाहुलीच्या बाजूने घडवत आणतात आणि पुरुष-आकृती सैनिकाच्या बाजूने.

अवांतर: अमेरिकेत बाहुली आणि खेळणं यांवर पूर्वी वेगवेगळी आयातजकात होती, बाहुलीवर १२ टक्के आणि खेळण्यावर ६.८. टॉय बिझ कंपनी कोर्टात गेली की आमच्या एक्स-मेनच्या आकृत्या माणसं नाहीत, म्हणून त्या बाहुल्या नव्हेत. २००३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. चाहते मात्र हळहळले, कारण त्या पात्रांचं आयुष्यभराचं भांडणच मुळी आम्हालाही माणूस समजा हे होतं.

बंड्या_परळ

म्हणजे एक्स-मेनमधला वुल्व्हरिन कोर्टात हरला आणि कंपनी जिंकली!

खारेवारे

जकातीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचंही बोलू. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं. तो नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे आणि या आकृत्या मोठ्यांच्या संग्रहासाठी असतात, पण पार्सल उघडणाऱ्याला डब्यात आकृती दिसते आणि तो खेळणं म्हणून बाजूला ठेवतो. माझं एक पार्सल असंच अडकलं होतं. कागदपत्रं देऊन सुटलं, पण डब्याचा कोपरा चेपलेला आणि आतल्या फोमवर कटरचा चिरा.

परदेशात दोन-तीनशे डॉलरला मिळणारी वस्तू इथे येईपर्यंत कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच धनुकलीसारखी परखड परीक्षणं इथे मराठीत यायला हवीत. एवढे पैसे घालणाऱ्याला आधी कळायला हवं की ती बसत नाही.

गोंयकार

खारेवारेंना अनुमोदन. आणि दमट हवेतल्या लोकांसाठी: चेहरा, गुडघे राहू दे बाजूला, आधी कातडं बघा. नकली चामडं म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेन. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक मोडतोड होते आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. वापरा, न वापरा, सुटतातच. माझ्याकडच्या एका काळ्या पोशाखातल्या नायिकेचा पूर्ण सूट असा गेला, खांद्यापासून सुरुवात झाली आणि पावसाळ्यानंतर बोटाला काळी पूड लागायला लागली. दुरुस्ती नाही. नवा सूट वेगळा शिवून घ्यावा लागतो.

त्या दृष्टीने वंडर वुमन सुदैवी, तिच्या अंगावर ते कातडं कमी. पण तिचे उघडे हात सलग रबरी असतील तर कोपर वाकवून वर्षभर ठेवू नका. आतल्या बाजूला सुरकुती पडते, पुढे तिथेच चीर जाते.

सोनचाफा

आणि कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका! मुलाने पुस्तकांच्या कपाटात ठेवल्या होत्या त्या मी काढायला लावल्या. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात, चिकटतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा.

गोंयकार

बरोबर. आणि डब्यातला पातळ प्लास्टिकचा कागद पोशाख आणि अंगाच्या मध्ये राहिला असेल तर तो काढून टाका. गडद कापड फिक्या रबरावर टेकून राहिलं तर रंग उतरतो, तो पुढे निघत नाही.

मर्दानी_झेप

धागा आता पावसाळी कपाटाकडे वळलाय, मी परत रणांगणावर आणते.

न्यूजर्सीकरांनी लिहिलेलं अगदी आजपर्यंत चालू आहे. २०१५ च्या ॲव्हेंजर्सच्या चित्रपटात ब्लॅक विडो ही नायिका विमानातून मोटरसायकलवर बाहेर पडते. तोच प्रसंग खेळण्यात आला तेव्हा गाडीवर कॅप्टन अमेरिका बसवला. तिचा प्रसंग, तिची गाडी आणि तिच्या जागी दुसरा! खुद्द त्याच चित्रपटातल्या मार्क रफलोने माझ्या मुली-भाच्यांसाठी हिचं सामान काढा अशी जाहीर मागणी केली होती. आयर्न मॅनच्या तिसऱ्या चित्रपटाचा दिग्दर्शक शेन ब्लॅक तर सांगून मोकळा झाला की मूळ आराखड्यात खलनायक स्त्री होती, खेळणी खपणार नाहीत म्हणून पुरुष केला. म्हणजे खेळण्याच्या अंदाजाने पडद्यावरची गोष्ट बदलली.

माझ्या भाचीला हे समजावताना मला लाज वाटते. तिला नुसती सुंदर उभी असलेली नकोय. तिला लढणारी हवीय.

जुनापेठी

भाचीला तीस हजारांची आकृती देणार का?

मर्दानी_झेप

नाही काका, तिला सहा इंची दिली. पण मोठ्या मापाच्या आकृत्या बघूनच लहान मापवाले आपला दर्जा ठरवतात. वरचे लोक ढाल उचलणार नाहीत तर खालचे कशाला उचलतील?

तिरकमठा

याला थोडं उत्तर द्यायला हवं, नाहीतर घडवणाऱ्यांवर अन्याय होईल.

पुरुष सुपरहिरोंचा बहुतेक वेळा मानेपासून बोटांपर्यंत पोशाख असतो. बॅटमॅन, कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन. सांधे कापडाखाली किंवा चिलखताखाली लपतात. तुम्ही कोपराला दोन खिळे घाला, गुडघ्याला तीन घाला, कुणाला दिसत नाही. वंडर वुमनचे दंड उघडे, खांदे उघडे, मांड्या उघड्या. तिथे सांधा घातला की दिसतो आणि लोक ओरडतात की बघा, रोबो दिसतो. सलग रबरी कातडी घातली तर सांधा दिसत नाही, पण रबर ताणून परत मागे खेचतं, पोझ टिकत नाही आणि गोंयकार म्हणाले तशी चीर जाते. आत पोलादी सांगाडा आणि वर अख्खी सिलिकॉनची कातडी अशी शरीरं वेगळी विकत मिळतात, ती उकिडवी बसतात, पण त्यांवर धूळ चिकटते आणि रंग उतरतो.

म्हणजे हा खरोखर अवघड प्रश्न आहे. कंपन्या आळशी आहेत एवढं म्हणून भागत नाही.

धनुकली

तिरकमठा, प्रश्न अवघड आहे हे शंभर टक्के मान्य. पण मी उघड्या अंगाबद्दल तक्रार केलेलीच नाही. तिचे दंड छान वाकतात. अडतं ते चिलखत, घागरा, बूट आणि केस यांत. चारही झाकलेल्या जागा! तिथे सांधा लपवायला हवी तेवढी जागा होती. गुडघ्यावर बूट येतो, त्याखाली काहीही चाललं असतं. सोनचाफाताईंनी कमरेचं दाखवलंच.

आणि उघड्या जागी मी दिसणारा सांधा पत्करेन. बाकीच्यांचं माहीत नाही.

विसूभाऊ

मी नाही पत्करणार. उघड्या मांडीवर खिळ्याचं डोकं दिसलं की सगळी माया संपली.

मधुघट

मी पत्करेन.

अर्धाकप

मीपण. खिळा दिसला तर दिसला.

पेणकर

मी विसूभाऊंच्या बाजूने.

जुनापेठी

पोशाखाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. मुळात लढवय्यीला एवढा तोकडा पोशाख कशाला? २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला मानद राजदूत केलं तेव्हा तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विरोध केला, सह्यांची मोहीम निघाली आणि दोन महिन्यांत तो मान गुंडाळला गेला. कारणात हाच पोशाख होता.

मर्दानी_झेप

काका, तो विरोध मी वाचलाय आणि त्यात तथ्य आहे. खऱ्या स्त्रीला तो मान द्यावा ही मागणी रास्तच होती. पण २०१७ च्या चित्रपटात वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी तोच पोशाख चिलखत म्हणून उभा केला. ग्रीक योद्ध्यांसारख्या चामडी पट्ट्यांचा घागरा, नडग्यांवर कवच. पडद्यावर ती त्यात पळते, उडते, दार फोडते. कमी-जास्त कापडापेक्षा त्या पोशाखात काम करता येतं का, एवढंच मी बघते आणि आकृतीत नेमकं तेच हरवलं.

न्यूजर्सीकर

+१. लासोचं, म्हणजे तिच्या फासाच्या दोरीचंही सांगून टाकतो, कारण ते फार कमी जणांना माहीत असतं. पात्राचा निर्माता विल्यम मौल्टन मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता. रक्तदाब मोजून खोटं ओळखण्याच्या पद्धतीवर त्याने काम केलं होतं. सत्य वदवणारा लासो त्याच्याच नायिकेकडे असावा यात नवल नाही. धनुकली, लासो कसा आहे? परीक्षणात त्याचा उल्लेखच नाही.

धनुकली

लासो सुरेख आहे. सोनेरी पिळाची दोरी, गुंडाळलेली कमरेच्या आकड्याला लागते. दुसरा एक तार असलेला, हवेत वळसा घेतलेला धरता येतो. त्यासाठी वेगळा मुठीचा हात आहे. हात बदलताना मनगटाचा खुंट मोडेल अशी भीती वाटते, फारच बारीक आहे.

तिरकमठा

हात बदलण्याआधी हाताचा पंजा केस वाळवायच्या यंत्राने थोडा गरम करा, रबर मऊ पडतं आणि खुंटावर जोर येत नाही. तलवार वाकडी आली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि तशीच धरून थंड पाण्यात घाला. रंगवलेल्या भागाला उकळतं पाणी नको, चहाला लागतं त्यापेक्षा कमी गरम.

सोनचाफा

ताई, मुलाच्या आकृतीवर मी काल एक करून पाहिलं. त्याची परवानगी घेऊन! घागऱ्याच्या पट्ट्यांना कोमट हवा दिली, मांडी उचललेल्या स्थितीत पट्ट्या बोटांनी खाली दाबल्या आणि गार होईपर्यंत सुती फीत बांधून ठेवली. आता पट्ट्या मांडीवर पडतात, उभ्या राहत नाहीत. फीत नायलॉनची घेऊ नका, व्रण उठतो. केसांचं टोकही तसंच बाहेरच्या बाजूला थोडं वळवलं, मान जरा वर होते.

चिलखताला मात्र हात लावला नाही. ते कापायचं काम आहे.

विसूभाऊ

सोनचाफाताई, फोटो टाका. हे खरं असेल तर माझी आकृती उद्याच कपाटातून बाहेर येते.

धनुकली

सोनचाफाताई, आत्ता करून बघितलं. पट्ट्या बसल्या! केसही वळले. गुडघा जमिनीला टेकतो, ढाल पुढे येते, नजर ढालीच्या वरच्या काठावरून जाते. पाठ अजून ताठ आहे, म्हणजे दबून बसल्यासारखी न वाटता एका गुडघ्यावर उभी असल्यासारखी वाटते. आधारासाठी स्टँडचा दांडा लागतो, तो मागून दिसतो.

माझं मत बदललेलं नाही. एवढ्या किमतीत हे घडवणाऱ्याने करून द्यायला हवं होतं. पण गुण वाढवते. मनात दहापैकी सहा दिले होते, आता सात. कमरेचा छेद दिलेली कुठली निघाली तर त्या आकृतीला आठ देईन, चेहरा यापेक्षा थोडा कमी असला तरी.

पेणकर

नजर ढालीवरून जाते म्हणालात ना, मग माझ्याकडून नऊ.

गोंयकार

स्टँडचा दांडा घागऱ्याखालून धरतो का? चिमटा थेट रबरावर टेकत असेल तर मध्ये पांढऱ्या सुती कापडाची पट्टी घाला. नाहीतर सहा महिन्यांनी तिथे खळगा पडेल.

धनुकली

थेट टेकतोय. लगेच घालते.

सोनचाफा

पट्टी दुमडून घाला, काठ बाहेरच्या बाजूला. आणि विसूभाऊ, फोटो मुलगा रात्री टाकेल, त्याच्या फोनमध्ये आहेत.